लंडनवरून आलीस तरी वळसा पडत नाही

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, "आई, डिसेंबरला न्यूयॉर्कहून मुंबईला येताना थेट विमान घेऊ की लंडनवरून? उगाच लांबून कशाला यायचं?" तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून नुसतं "बघते" म्हटलं. आता नीट लिहिते. इतकी वर्षं भूगोल शिकवल्यावर एवढं तरी यायलाच हवं.

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साधारण १२,५४० किलोमीटर. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, म्हणजे १२,७४०. फरक जेमतेम दोनशे किलोमीटरचा! दुबईवरून आलीस तरी चारशेच वाढतात.

पटत नाही ना? वर्गात भिंतीवरच्या नकाशावर मुलांना हा मार्ग काढायला सांगितला की सगळे पट्टी लावायचे. रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जायची. त्या रेघेवरून खरंच उडालं तर १४,२०० किलोमीटर होतात. मग मी कपाटातला पृथ्वीगोल काढायचे आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरायला लावायचे. ताणलेला दोरा सर्वांत जवळच्या वाटेनेच जातो, म्हणून तो आपोआप उत्तरेला सरकायचा: अफगाणिस्तान, मध्य आशिया, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग लॅब्राडोरवरून खाली. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१च्या जवळ, आणि वाटेत चढायचं जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून बघायला यायची. लंडन या दोऱ्यापासून बरंच खाली आहे, पण एवढ्या लांबच्या प्रवासात मधेच बाजूला वळल्याने एकूण अंतर फारसं वाढत नाही, म्हणून तिथे उतरल्याने फारसं काही बिघडत नाही.

अर्थात विमान सहसा नेमकं दोऱ्यावरून जात नाही. २०२२पासून अमेरिकन कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा आपली विमानं अरबी समुद्रावरून फिरून जाऊ लागली. त्यात वारा. त्या उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर जास्तच जोरात. त्यामुळे तू इकडे येताना लवकर पोचशील आणि परत जाताना जास्त वेळ लागेल. ही सोय मला फार आवडते!

तेव्हा किलोमीटर मोजत बसू नकोस. बघायचं ते मधल्या थांब्याकडे. दीड तासाचा थांबा घेऊ नकोस, पहिलं विमान उशिरा सुटलं तर दुसरं चुकतं. दहा तासांचाही नको, विमानतळावरचं खाणं फार महाग. तीन-चार तास पुरे. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असू देत, नाहीतर बॅगा काढून पुन्हा द्याव्या लागतील. लंडनच्या ट्रान्झिट व्हिसाचा नियम तुझ्या व्हिसाला कसा लागू होतो तेही आधी वाचून घे.

पैसे वाचणार असतील तर खुशाल लंडनवरून ये. तिकीट काढलंस की बाबांना पाठव. त्यांना त्या आठवड्यात रजा टाकायची आहे आणि ऑफिसात आधी सांगावं लागतं.

तुझी,
आई