कच्चं फूल कढईत कच्चं राहत नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला गांजाच्या कच्च्या फुलावरचा लेख दोनदा वाचला. ताज्या फुलातल्या टीएचसीए, सीबीडीए या आम्लांनी नशा येत नाही, हे खरं. पण कुठवर खरं, ते लेखात नाही. 'घरच्या घरी काढा' मात्र चौकट करून छापलाय.

असाच काढा आमच्या घरी मागच्या थंडीत झाला. बाबा ७९ वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार. नात्यातल्या एकाने सुकी फुलं आणून दिली, "कच्चीच आहेत, चढत नाहीत" म्हणून. आईने ती कुटून चमचाभर तुपात परतली, दुधात अर्धा तास आटवली. दीड तास काहीच नाही. मग बाबांनी माझा हात धरून विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" तोंडाला कोरड, छाती धडधडतेय, उठायला बघतायत आणि पाय जमिनीवर टेकलेत हेच कळत नाहीये. रात्र दवाखान्यात काढली. सकाळी दहाला त्यांनी मला नावाने हाक मारली. आई अजून त्या कढईला हात लावत नाही.

मी ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. टीएचसीए तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते टीएचसी, मेशुलम आणि गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगळं काढलेलं नशेचं द्रव्य. त्याला चिलीमच पेटवावी लागते असं नाही, तापलेलं तूप पुरतं. फूल नुसतं सुकवून ठेवलं तरी हा बदल हळूहळू चालूच असतो. हे एक वाक्य लेखात हवं होतं.

लेखात दिलेला मिरगीच्या औषधाचा दाखलाही गैरलागू आहे. अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली ती शुद्ध केलेल्या, मोजून द्यायच्या सीबीडीला, म्हणजे गांजाच्या झाडातल्याच पण न चढणाऱ्या द्रव्याला. आटवलेल्या फुलाला नव्हे.

आणि कायदा? १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने फुलोरा म्हणजे गांजा, मग तो चढो वा न चढो. ठेक्यावरची भांग म्हणजे नुसती पानं, ती या व्याख्येत येत नाहीत. इंदूरचा माणूस येताजाता भांगेचा ठेका बघतो, त्याला दोन्ही एकच वाटतं. त्यात तुम्ही फुलाच्या लेखावर चित्र छापलंत पानाचं!

मागे रक्तपेढीचा फोन नंबर चुकला, तेव्हा दुरुस्ती तुम्ही राशिभविष्याखाली दोन ओळींत दिली होती. या वेळी ती त्याच पुरवणीत, काढ्याच्या चौकटीएवढ्याच चौकटीत छापा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर