लघवीतले आर्सेनिक तपासताना

संपादक महोदय,

बोअरच्या पाण्याची शंका आली म्हणून लघवीतले आर्सेनिक तपासून घेणार असाल, तर आधी ताटाकडे पाहा. सुके बोंबील, सुकट, कोळंबी यांत आर्सेनोबीटेन हे आर्सेनिकचे सेंद्रिय संयुग असते. ते जवळपास निरुपद्रवी, पण ‘एकूण आर्सेनिक’चा आकडा फुगवते आणि घरचे उगाच हादरतात. बेळगाव-खानापूरकडे बाजारची सुकी मासळी पावसाळ्यात हमखास ताटात असते! नमुन्याआधी किमान चार दिवस ती बंद ठेवा.

प्रयोगशाळेकडे असेंद्रिय आर्सेनिक (पाण्यातून येणारे विषारी रूप) आणि शरीरात त्यापासून बनणारी एमएमए व डीएमए ही संयुगे यांची वेगवेगळी मोजणी मागा. मासळीतल्या काही संयुगांपासूनही शरीरात डीएमए बनते, त्यामुळे पथ्य इथेही सुटत नाही. बाटली प्रयोगशाळेचीच घ्या. नमुन्यात आम्ल टाकू नये, संयुगांची रूपे बदलू शकतात. लगेच थंड करून गोठवावा. भरपूर पाणी प्यायल्यास लघवी पातळ होते, म्हणून निकाल क्रिएटिनिनच्या (लघवीतून रोज साधारण सारखाच बाहेर पडणारा पदार्थ) प्रमाणातही हवा.

ही तपासणी गेल्या काही दिवसांचेच सांगते. बोअरचे पाणी सोडून पंधरवड्याने नमुना दिलात, तर कमी आकड्याला अर्थ नाही. पाणीही सोबत तपासा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम.

– एक वाचक, बेळगाव