वरच्या मजल्यावरच्या काकांना, पेन ड्राइव्हबद्दल

ती. काकांना सा. न.

जिन्यात भेटलो की आपलं बोलणं नर्मदेचं पाणी कधी येणार इथेच संपतं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. मुलांच्या पुस्तकाची चित्रं दिवाळीआधी हातावेगळी झाली ती तुमच्या पेन ड्राइव्हमुळे.

शाईच्या पेनाने रेघेशेजारी रेघ मारत सावली भरायची, हे काम फार चिवट. मी गाणी लावून बसायची. कान शब्दांमागे जायचे आणि हात थांबायचा. तुम्ही चहाला आलात, घटकाभर बघितलंत आणि म्हणालात, "गाणं सोड, ठेका ऐक." दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह हजर.

त्यात पहिले आपल्या इंदूरचे अमीर खाँसाहेब. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला झुमरा ताल, चौदा मात्रा, आवर्तन संपता संपत नाही. खाँसाहेबांना साथीला साधा ठेकाच लागे, हे तुमच्याकडून कळलं आणि मी पहिल्यांदा तबल्याकडे कान दिला. हाताशी एवढी विद्या असून तो तबलजी समेपर्यंत, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, स्वतःला किती आवरतो! (पखवाजवाल्या नाना पानश्यांच्या गावात राहून हे मला आत्ता कळावं, असो.)

आणि त्यानंतर थेट रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स! तुमच्यासारख्या तबलजींच्या खजिन्यात हा कुठून आला म्हणून मी हसलेच. पण हा तर आमच्यातलाच निघाला. १९६३ मध्ये बँडमध्ये येण्याआधी जाहिरातींची डिझाइनं करायचा, आणि पुढे दौऱ्यावर ज्या हॉटेलात झोपेल तिथल्या पलंगाचं चित्र काढायचा. त्याची खरी गंमत तुम्ही टेबलावर बोटांनी दाखवलीत: डावा हात स्नेअरवर (समोरच्या छोट्या ड्रमवर) पडतो त्या क्षणी उजवा हाय-हॅटवरून (झांजांच्या जोडीवरून) उचललेला असतो. बाकीचे बहुतेक जण दोन्ही वाजवतात. तेवढी जागा मोकळी राहते आणि ताल श्वास घेतो. मी त्या आठवड्यात सावलीतल्या काही रेघा गाळून पाहिल्या. वडाचं झाड एकदम हलकं झालं. संपादकबाईंनी नेमकं तेच चित्र मुखपृष्ठाला घेतलं.

जॅझ ड्रमर बडी रिच मात्र मी काम करताना लावत नाही, थिरकवाँसाहेबांचं एकल तबलावादनही नाही. ते ऐकायचं तर पेन खाली ठेवून, मांडी घालून.

लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बोनम, त्याला तुम्ही "नुसता दणका" म्हणता, ते मात्र मला मान्य नाही. बास ड्रमच्या एकाच पेडलवर, एका पायाने, तो लागोपाठ ठोके काढतो ते परत ऐका. मोठ्या ब्रशने आभाळ भरायचं असलं की मला तोच लागतो.

पुस्तकाची एक प्रत काकूंकडे देऊन ठेवलीय. थंडी पडली की सराफा बाजारात गराडू (तळलेला कंद) खायला जाऊ, पैसे मी देणार. बोनमचा निकाल तिथेच लावू.

तुमची,
खालच्या मजल्यावरची चित्रवाली