चिमीचा सीसॅट आणि तुझं ते 'निघेल'

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

हे फोनवर नीट सांगता येणार नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला कळणारही नाही, म्हणून लिहायला बसलोय. आईचा गुडघा बरा आहे, बाबांची शुगर ताब्यात. बाकी घरी ठीक.

चिमी पुन्हा सीसॅटला, म्हणजे यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपराला, अडकली रे. पहिला पेपर झकास गेला होता. क्लासच्या उत्तरसूचीवरून ताडून पाहिलं, काळजीचं कारण नाही. पण दुसऱ्यात 200 पैकी 66 लागतात आणि तिचे साठीच्या आसपासच भरतात. तिथे 66 नसले तर पहिल्या पेपराला कुणी विचारत नाही. घरात एकच धोशा, "पोरीचं गणित कच्चं." मी तिच्या शेजारी बसून अख्खा पेपर पुन्हा सोडवून घेतला, म्हणून छातीठोकपणे सांगतो, गणित कच्चं नाही!

ती अडते विधानांच्या प्रश्नांवर. वर प्रश्न, खाली दोन विधानं, आणि विचारतात ते इतकंच की ही माहिती पुरते का: कुठल्यातरी एकाच विधानाने, दोहोंपैकी कुठल्याही एकाने, दोन्ही मिळून, की दोन्ही घेऊनही नाही. चिमी उत्तर काढत बसते. शेवटच्या दशांशापर्यंत. 2 तासांत 80 प्रश्न, म्हणजे एकाला दीड मिनिट, आणि बाईसाहेब एकेका प्रश्नाची पाटी भरून काढतात. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. पेपर हिंदी-इंग्रजीत, त्यामुळे मराठीतून शिकलेली पोर विधान दोनदा वाचते, तो वेळ वेगळाच.

आणि मला तू आठवलास. नववीच्या चाचणीत 'दोन समीकरणं आहेत, उत्तर निघेल' एवढंच लिहून तू पेपर देऊन टाकला होतास. सर लालबुंद, तू शांत. मी तेव्हा सरांच्या बाजूने बोललो म्हणून आठवडाभर तुझ्या डब्यातलं लोणचं मला बंद होतं. माझं मत आजही तेच आहे, बोर्डाच्या पेपरात पायऱ्या लिहायच्याच. शिवाय 2क्ष + 3य = 12 आणि 4क्ष + 6य = 24 ही दोन समीकरणं दिली तर काय निघेल, सांग? दुसरं म्हणजे पहिल्याचीच दुप्पट! पण निघेल की नाही हे आधी बघायची तुझी ती खोड चिमीला हवी आहे.

तिला मी एक प्रश्न घातला. 5 रुपयांच्या पेन्सिली आणि 7 रुपयांची पेनं घेतली, तर पेनं किती? पहिलं विधान, एकूण 41 रुपये झाले. दुसरं, एकूण 7 वस्तू घेतल्या. तिने झटकन 'दोन्ही मिळून' केलं. दोन अज्ञात, दोन समीकरणं, शाळेने शिकवलेलं तेच. पण अर्धं पेन कुणी विकत नाही. 41 मधून 7, 14, 21 असं वजा करत गेलं तर 5 ने भाग जाणारं फक्त 20 उरतं. पेनं 3च. पहिलं विधान एकटं पुरलं, दुसऱ्याने एकट्याने काहीच ठरत नाही. हे तिला लगेच पटलं, डोळे चमकले तिचे.

मग विचारलं, क्ष शून्यापेक्षा मोठा आहे का? विधान: क्षचा घन उणे 8 आहे. म्हणाली, "नाही, म्हणजे पुरत नाही." अगं, ठाम 'नाही' हेही उत्तरच ना! यावर गप्प झाली, आणि मग जे बोलली त्याने मला झोप नाही. "दादा, उत्तर न काढता पुरेल म्हणायचं, हे मला खोटं बोलल्यासारखं वाटतं."

बाळ्या, हे सरावाने जाणारं नाही. ती बाबांसारखी आहे, वहीत शेवटचा रुपया जुळल्याशिवाय दुकानाचं शटर न ओढणारी. मला तिचा तो प्रामाणिकपणा मोडायचा नाही. पुरेल हे कळणं हीसुद्धा पूर्ण केलेली गोष्ट आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते तूच सांगू शकतोस. तू एमबीएच्या प्रवेशासाठी दिलेल्या जीमॅटला हेच प्रश्न सोडवलेस. तुझ्या वेळी ते गणितात असायचे. 2023 पासूनच्या नव्या परीक्षेत ते डेटा इनसाइट्स नावाच्या विभागात गेलेत, 20 प्रश्नांना 45 मिनिटं, आणि तिथे कॅल्क्युलेटरही मिळतो. मला हे वाचून हसू आलं, तू तर शाळेत कंपासपेटीसुद्धा उघडायचा नाहीस!

नवं घर कसं आहे? वहिनींची नोकरी सुरू झाली का? पिल्लू मराठी बोलतं ना? काकूंना परवा भेटून आलो, मजेत आहेत, तुझ्यासाठी मेतकूट बांधून ठेवलंय.

येत्या शनिवारी तुझ्या सकाळी, म्हणजे आमच्या संध्याकाळी, चिमीला फोन कर. परीक्षेचं एकदम काढू नकोस, आधी तुझ्या त्या चाचणीची गोष्ट सांग. ती पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायचाच नाही म्हणतेय.

तुझा,
दाद्या