मोटारहोममध्ये बारमाही राहायचे तर आधी टाक्या पाहा

महोदय,

अमेरिकेत भाड्याचे घर सोडून मोटारहोममध्ये (स्वयंपाकघर, संडास, बिछाना असलेल्या गाडीत) किंवा गाडीमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये बारमाही राहण्याबद्दल मराठी पुरवण्यांत अधूनमधून छापून येते. तिथली मराठी मंडळीही, विशेषतः घरून काम करणारी जोडपी आणि निवृत्त झालेले, ते वाचून चौकशी करू लागतात. अशा लेखांत गाडीची लांबी, किंमत आणि मुक्कामाची ठिकाणे असतात. रोजचा दिवस कसा जाणार हे ज्यांच्यावर ठरते, त्या टाक्यांबद्दल मात्र अवाक्षर नसते. म्हणून हे पत्र.

गाडीत तीन टाक्या असतात : वापराच्या पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. मध्यम गाडीत प्रत्येकी साधारण १५० लिटरची. अंग भिजवून नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ, अशी आंघोळ माणशी १० लिटरमध्ये होते. भांडी, हात-तोंड धरून दोघांना रोज ४० लिटर लागतातच. म्हणजे चौथ्या दिवशी सांडपाण्याची टाकी भरते, आणि तेलकट पाणी शॉवरच्या जाळीतून वर येऊ लागते, कारण गाडीतले सर्वांत खालचे तोंड तेच. आपल्या स्वयंपाकात तेल-हळद जास्त, त्यामुळे कढई आणि ताटे आधी कागदाने पुसून मगच धुवावीत. वरणाचा गाळ टाकीत कुजला की वास सिंकमधून गाडीभर पसरतो.

मैल्याच्या टाकीचे बहुतेक बिघाड एकाच चुकीतून होतात. अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या पार्कमध्ये गटाराची जोडणी मिळाली की नवखे लोक पाइप लावून व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. पातळ भाग वाहून जातो, घट्ट भाग आणि कागद तळाशी साचून कडक होतो, आणि मग तो ढीग कशानेही हलत नाही. व्हॉल्व्ह बंदच ठेवावा. टाकी दोन तृतीयांश भरली की उघडावा, ती पूर्ण रिकामी झाल्यावर सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. नंतर मैल्याच्या टाकीत १०-१५ लिटर पाणी घालून ठेवावे. शौचाला कागदाऐवजी पाणी वापरले तर टाकी लवकर भरते खरी, पण साफ निघते. टाकी किती भरली हे सांगणाऱ्या भिंतीवरच्या दर्शकावर विसंबू नये. आत कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. टाकी धुण्याचा होज आणि पिण्याच्या पाण्याचा होज एका कप्प्यात कधीही ठेवू नयेत.

विजेचा हिशेब सोपा आहे. पार्कमधली जोडणी ३० अँपिअर आणि १२० व्होल्टची असेल तर एका वेळी मिळतात ३,६०० वॅट. एसी १,५००, मायक्रोवेव्ह १,५०० आणि गीझर १,४०० घेतो. तिन्ही एकदम चालू केले की ब्रेकर पडणारच.

थंडीत खरा शत्रू ओल. गाडीतल्या हीटरला आणि शेगडीला प्रोपेन गॅस लागतो. तो एक किलो जळला की सुमारे १.६ लिटर पाण्याची वाफ होते. हीटरची वाफ नळीतून बाहेर जाते, शेगडीची मात्र आतच राहते. त्यात कुकरची भर. ही वाफ काचांवर आणि गादीखालच्या थंड प्लायवर पाणी होऊन बसते व बुरशी धरते. स्वयंपाक करताना छताचा पंखा चालू आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, गादीखाली लाकडी पट्ट्या घालाव्यात. प्रोपेनचा २० पौंडांचा (सुमारे ९ किलोचा) सिलिंडर ३०,००० बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णतेचे माप) हीटरला सलग जेमतेम १४ तास पुरतो, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीत दोनेक रात्री.

छतावरचे सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारा लेप, दर तीन महिन्यांनी पाहावे. वापरलेली गाडी घेताना कोपऱ्यांतली जमीन आणि खिडकीखालची भिंत अंगठ्याने दाबून बघावी. मऊ लागली तर आतले लाकूड कुजले आहे. गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष नको. या गाड्या कायमच्या निवासासाठी बांधलेल्याच नसतात, त्यामुळे अनेक वॉरंटी बारमाही वापराला लागू होत नाहीत, आणि विमाही बारमाही राहणाऱ्यांचा वेगळा घ्यावा लागतो. कायम पत्त्यासाठी बरेच जण टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात. मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) देशभर चालते, पण खासगी कंपन्यांमार्फत मिळणारी त्याची अॅडव्हांटेज योजना बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टरांशी बांधलेली असते. ज्येष्ठांनी हे आधी तपासावे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याच्या मोकळ्या जमिनीवर फुकट राहता येते, पण साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसच.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन (अशाच राहण्याच्या गाड्यांच्या) पर्यटनाचे धोरण आणले, म्हणून एक मागणी. कॅरॅव्हॅन पार्कला परवानगी देताना मैला रिकामा करण्याची जागा सक्तीची करावी : उताराचा काँक्रीटचा ओटा, मध्ये झाकणाचे तोंड, ते थेट सेप्टिक टँकला किंवा मलवाहिनीला जोडलेले, आणि धुण्यासाठी पिण्याच्या पाण्यापासून दूर वेगळा नळ. ही सोय नसेल तर कोकणात आणि घाटात त्या टाक्या ओढ्या-नाल्यांतच रिकाम्या होतील.

– एक वाचक, अॅरिझोना (अमेरिका)