दहाव्या पायरीवरचा मुलगा

चिपळूण,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय सुजू,

मार्चनंतर एक ओळ नाही की फोन नाही. रागावली असशील. रागाव, तुझा हक्कच आहे. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा पावसाळ्यात दुखतो तसा दुखतोय, माझं बीपी गोळीवर आहे. झालं.

मंगळवारी जे घडलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही. सकाळी साडेसातला आपलं ऑफिस, म्हणजे खुर्च्या भाड्याने देतो ती जागा, उघडायला गेले. रात्रभर पाऊस कोसळत होता, जिन्यात काळोख. वर चढताना बघते तर कुणीतरी पायरीवर बसलेलं. आपल्या जिन्यात २०२१ च्या पुराची खूण आहे ना, नवव्या पायरीपाशी भिंतीवर उमटलेली ती चिखलाची रेघ? मी ती कधी रंगवू दिली नाही. हा मुलगा दहाव्या पायरीवर. मांडीवर घडी केलेला रेनकोट, त्यावर लॅपटॉप, शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत इस्त्री केलेला शर्ट. जूनमध्ये एकदा दिवसाचे दोनशे भरून बसून गेला होता. पासवर्ड तोच राहिलेला, आणि बंद दारातून आपल्या वायफायची रेंज बरोब्बर त्या पायरीपर्यंत येते. मला बघून ताडकन उठला. म्हणाला, "मॅडम, जातो मी. लाइट नाही वापरली तुमची."

सुजू, मला एकदम पुण्यातल्या सदाशिव पेठेतला आपल्या अभ्यासिकेचा जिना दिसला. फी थकलेली, आत जायची सोय नाही, आणि खोलीवर कॉट बेसिसवाल्या त्या दोघी दहाच्या ठोक्याला दिवा घालवायच्या. काका अभ्यासिकेला कुलूप लावून जाताना जिन्यातला बल्ब मात्र चालू ठेवायचे. तू म्हणायचीस, म्हातारा विसरतो. मी म्हणायचे, रोज कोण विसरतं? त्यावरूनही भांडलो होतो आपण. खिडकीजवळच्या खुर्चीवरून तर अकरा दिवस अबोला होता. ती खुर्ची माझीच होती, हे आज पुन्हा लिहून देते.

त्याची अकरा वाजता ऑनलाइन मुलाखत होती. घर दसपटीत, तीन दिवस लाइट नाही आणि मोबाइलला एक कांडी रेंज. पहिल्या एसटीने आला होता. मी कुलूप काढलं, चहा दिला, मीटिंगची खोली दिली. बाथरूममध्ये जाऊन शर्ट बदलून आला. बारा वाजता बाहेर आल्यावर विचारतो, "किती झाले?" हातात पन्नासची ओली नोट. मी घेतली. सगळे माफ केले असते तर तो पुन्हा आला नसता, हे तुला वेगळं सांगायला नको.

आणि त्याच दिवशी दुपारी एका कंपनीचा मेल आला.

नाव लिहीत नाही. त्यांची आपल्या बाजूची बरीच पोरं लॉकडाऊनमध्ये गावी आली, ती परत जायला तयार नाहीत. त्यांना आपल्या सोळातल्या चौदा खुर्च्या हव्यात, दोन वर्षांसाठी. खुर्चीमागे महिना चार हजार, सहा महिन्यांचं डिपॉझिट. म्हणजे दर महिन्याला छप्पन हजार, कुणी येवो न येवो. आता बघ. सध्या महिन्याला सरासरी पस्तीस हजार जमतात. भाडं बारा, वीज सहा (व्यापारी दराने), दोन इंटरनेट लाइनचे तीन, कारण एक पडली तर दुसरी लागतेच. इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचा हप्ता साडेसात, झाडलोट करणाऱ्या ताईंचे पाच. हातात उरतात दीड हजार. दादा म्हणतो, यात विचार करण्यासारखं आहे काय? त्याचं चुकीचं नाही. बॅटऱ्यांच्या कर्जावर जामीन म्हणून त्याची सही आहे.

पण चौदा गेल्या की उरल्या दोन. मग बाकीच्यांनी जायचं कुठे?

आगळवाल्या वहिनींचं तुला सांगितलं नाही ना? खेंडीतून येतात, कोकम आगळ आणि आमसुलं करतात. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी करून देतो म्हणून एका एजंटाने त्यांच्याकडून अडीच हजार मागितले होते. त्या आपल्याकडे प्रिंट काढायला आल्या. शेजारच्या टेबलावर पुण्याच्या कंपनीचं काम करणारी मुलगी बसली होती. तिने ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाली, "काकू, त्याला एक पैसा लागत नाही." आधार आणि पॅन घेऊन सरकारी साइटवर वीस मिनिटांत नोंदणी झाली. पुढच्या आठवड्यात तिनेच फूड लायसन्सची साधी नोंदणी करून दिली, तिची फी वर्षाला शंभर रुपये. त्या मुलीला आता वहिनींची आमसुलं पुण्यात मैत्रिणींना पाठवायचा नाद लागलाय. एकाच कंपनीची चौदा माणसं कानाला हेडफोन लावून बसली, तर वहिनी प्रिंट काढतील आणि निघून जातील.

तक्रारीही आहेत, लपवत नाही. आंब्याच्या दिवसांत आमचा बागायतदार फोनवर पेटीचे भाव ओरडायचा, मुंबईला फोन न लावताही ऐकू गेले असते. शेवटी सुताराकडून फोनची एक खोपटी करून घेतली, आतून काथ्याची चटई ठोकली. एमपीएससीची दोघं आहेत, ती दिवसभर हूं की चूं करत नाहीत, पण महिन्याची फी दोन हप्त्यांत देतात. आता परीक्षा वर्णनात्मक झाली ना, तर रोज पानंच्या पानं हाताने लिहून काढतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. गणपतीत तर मौज असते. चाकरमानी सुट्टी वाचवायला दुपारी आरती आटोपून इथे येऊन बसतात, डब्यात मोदक. गेल्या वर्षी मीटिंगच्या खोलीत ओळीने चार झांजा ठेवलेल्या होत्या.

दादा म्हणतो, धर्मादाय काम करायला गावात वाचनालय आहे. मी म्हटलं, वाचनालय १८६४ पासून आहे म्हणूनच आपण दोघी तिथे फुकट पेपरातल्या जाहिराती वाचू शकलो. २००५ ला पाणी शिरलं, २०२१ ला शिरलं, लोकांनी ओली पुस्तकं वाळवली आणि पुन्हा दार उघडलं. तो म्हणाला, "त्यांना अनुदान आहे, तुला हप्ता आहे." मग दोघं गप्प जेवलो.

मला वाटतं कंपनीला आठ खुर्च्या द्याव्यात. आठ चोक बत्तीस, हप्ते सुटतात, आणि आठ खुर्च्या गावाच्या राहतात. ते नाही म्हणाले तर? खाली हायवेकडे नवी इमारत होतेय, तिथे जातील, आणि आपल्याकडे आता येणारी त्यांची तिघंही जातील. म्हणजे आज आहे त्याहून कमी. रात्री दोनला उठून हाच हिशेब परत मांडते. हो म्हटलं तर दादाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, आणि सकाळी जिन्यात कुणी बसलेलं असलं तर त्याला काय सांगायचं, ते मला येत नाही.

तुझं प्रमोशन झालं ते वहिनीकडून कळलं, तुझ्याकडून नाही! अभिनंदन. नाशिकची बदली टळली का? लेकीची दहावी, तिला फार छळू नकोस, तुझ्यावर गेलीय ती.

मेल लिहून ठेवलाय, आठ खुर्च्यांचा. पाठवलेला नाही. त्यांना बुधवारपर्यंत उत्तर हवंय. मंगळवारी रात्री नऊनंतर फोन कर, त्याआधी दादा घरात असतो.

तुझी,
वैजू

ता. क. त्या मुलाला दुसऱ्या फेरीसाठी बोलावलंय, शुक्रवारी. त्या दिवशीची मीटिंगची खोली मी वहीत त्याच्या नावावर लिहून टाकली. वहिनींच्या आगळाच्या दोन बाटल्या एसटीच्या पार्सलने पाठवतेय, झाकणं नीट बघून घे.