हळदीचा लेप आणि पाऱ्याची डबी

महोदय,

ज्या सोमाली स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या चेहऱ्याला ‘कसिल’ नावाची झाडाच्या पाल्याची पूड आणि आपल्यासारखीच हळद लावत आल्या, त्यांच्याही घरांत पारा मिसळलेली गोरेपणाची क्रीम शिरली आहेत, याचे फार वाईट वाटते. चेहरा उजळतो, बोटांची पेरे काळीच राहतात, आणि तोच हात तान्ह्या बाळाच्या गालावरून फिरतो. पारा मूत्रपिंडांना, गर्भालाही इजा करतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सोमाली वंशाच्या अमिरा अदावे यांनी याविरुद्ध चळवळ उभारली आणि २०१९ मध्ये ॲमेझॉनने अशी सुमारे १५ उत्पादने विक्रीतून काढली. परंतु ‘मारीन’, म्हणजे सोमाली भाषेत उजळ तपकिरी, मुलगीच देखणी मानणाऱ्या घरच्यांची समजूत कोण घालणार? आपल्याकडील विवाहविषयक जाहिरातींतही ‘गोरी वधू पाहिजे’ असे असते. वृत्तपत्रांनी ती अट छापण्यास नकार द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा